लेसर चष्म्याच्या काडीवरची ओळ कशी वाचायची?

लेसरपासून वाचवणारा चष्मा निवडताना बरेच जण आधी काचेचा रंग बघतात. हिरव्या लेसरला लाल काच, निळ्याला नारिंगी, असे ठोकताळे सर्रास सांगितले जातात. त्यात थोडं तथ्य आहे, कारण काच जो रंग शोषते तो तिच्यातून आपल्याला दिसत नाही. पण काचेतून दहावा हिस्सा प्रकाश पार होतोय की दहा लाखावा, हे नुसतं बघून ठरवता येत नाही. इन्फ्रारेड लेसरच्या बाबतीत तर रंगावरून काहीच कळत नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरचा 10,600 नॅनोमीटरचा किरण साधं पारदर्शक पॉलिकार्बोनेटही शोषून घेतं. तेच पॉलिकार्बोनेट 1064 नॅनोमीटरचा किरण मात्र जवळजवळ जसाच्या तसा डोळ्यापर्यंत पोचू देतं. खरी माहिती असते ती काचेच्या कडेला किंवा चष्म्याच्या काडीवर बारीक अक्षरांत छापलेल्या ओळीत.

ही ओळ इतकी महत्त्वाची का, हे डोळ्याच्या रचनेवरून कळतं. साधारण 400 ते 1400 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यातल्या भिंगातून आरपार जातो आणि दृष्टिपटलावर एका बारीक ठिपक्यात एकवटतो. बाहुलीशी असलेली त्याची तीव्रता तिथे पोचेपर्यंत लाखपटीच्या घरात वाढते. यातला 700 च्या पुढचा पट्टा जास्त धोक्याचा, कारण तो दिसत नाही किंवा फार अंधूक दिसतो. दिसणाऱ्या झगझगीत प्रकाशाने पापणी सुमारे पाव सेकंदात मिटते; इन्फ्रारेडने ती मिटत नाही. दृष्टिपटलाला वेदनाही होत नाही. भाजल्याचं समजतं ते नजरेसमोर डाग आल्यावर, आणि तिथल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत.

आता ती ओळ. तिच्यात सगळ्यात आधी बघायची ती तरंगलांबी, म्हणजे नॅनोमीटरमधला आकडा किंवा पट्टा. समजा चष्म्यावर ‘190–540 ओडी 6+’ असं लिहिलंय. त्याचा अर्थ, या पट्ट्यातल्या प्रत्येक तरंगलांबीसाठी किमान 6 ओडीची हमी आहे (ओडी म्हणजे काच किती प्रकाश अडवते त्याचं माप; हिशेब पुढे). 541 पासून पुढे हमी शून्य. असा चष्मा 450 च्या निळ्या किंवा 532 च्या हिरव्या लेसरला चालेल. 650 च्या लाल लेसरसमोर तो घातला काय आणि न घातला काय, सारखंच. ‘लेसरचा चष्मा’ अशी सरसकट वस्तूच नसते. चष्मा असतो तो ठरावीक लेसरचा.

हिरव्या लेसर पॉइंटरच्या बाबतीत इथे एक खाच आहे. बऱ्याच हिरव्या पॉइंटरमध्ये 808 नॅनोमीटरचा डायोड एका स्फटिकाला ऊर्जा देतो, त्यातून 1064 चा किरण निघतो आणि दुसरा स्फटिक त्याचं 532 मध्ये रूपांतर करतो. उरलेलं इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर स्वस्त पॉइंटरमध्ये कधी कधी बसवलेलाच नसतो. मग हिरवा ठिपका चष्म्याआड नाहीसा झाला, तरी न दिसणारा किरण डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून यंत्रातून कोणकोणत्या तरंगलांबी बाहेर पडतात हे आधी पक्कं माहीत हवं.

ओडी म्हणजे ऑप्टिकल डेन्सिटी. ही मोजपट्टी दहाच्या घातांची आहे: ओडी 1 म्हणजे दहावा हिस्सा पार, ओडी 2 म्हणजे शंभरावा, ओडी 6 म्हणजे दहा लाखावा. त्यामुळे 3 आणि 6 यांतला फरक दुपटीचा नसून हजारपटीचा असतो. 5 वॅटचा, 450 नॅनोमीटरचा निळा लेसर घ्या. दिसणाऱ्या लेसरचा झोत 1 मिलिवॅटपर्यंतचा असला, तर पापणी मिटेपर्यंतच्या पाव सेकंदात तो सहसा इजा करत नाही. लेसरच्या सुरक्षा वर्गीकरणातल्या वर्ग 2 ची मर्यादा याच हिशेबाने ठरली आहे. 5 वॅट म्हणजे 5000 मिलिवॅट. 1 मिलिवॅटवर येण्यासाठी 5000 पट कपात हवी, म्हणजे ओडी 3.7. तेव्हा निदान ओडी 4 घ्यायला हवा.

इथे हिशेब संपला असं वाटतं, पण एक प्रश्न राहतोच: झोत काचेवर पडल्यावर काच टिकेल का? ओडी सांगतो तो फक्त किती प्रकाश पार होईल हे. दोन-तीन सेकंदांत प्लॅस्टिक वितळून भोक पडलं, तर ओडीचा काय उपयोग? अमेरिकेतली आन्सी झेड136 मानकं तरंगलांबी आणि ओडी यांवर भर देतात. युरोपच्या ईएन 207 मानकाने पुढचं पाऊल टाकलं आणि काचेवर खरोखर लेसर मारून बघायची अट घातली. सलग झोत असेल तर 5 सेकंद, स्पंदांचा, म्हणजे तुटक झटक्यांचा, असेल तर निदान 50 स्पंद. तेवढा वेळ काचेने तग धरायला हवा आणि प्रकाशही ठरलेल्या मर्यादेतच पार व्हायला हवा. या चाचणीतून मिळणारी श्रेणी म्हणजे ‘एलबी’ आणि तिच्यापुढचा आकडा. जुन्या चष्म्यांवर नुसतं ‘एल’ असतं.

ईएन 207 च्या चष्म्यांवर ‘1064 डी एलबी6 + आयआर एलबी7’ अशी ओळ रोमन अक्षरांत दिसते. यातला ‘आयआर’ म्हणजे इन्फ्रारेड नव्हे, आणि इथेच पुष्कळांची गफलत होते. ही दोन वेगळी अक्षरं आहेत. ‘डी’ म्हणजे सलग झोत, ‘आय’ म्हणजे एक मायक्रोसेकंद ते पाव सेकंद लांबीचे स्पंद, ‘आर’ म्हणजे नॅनोसेकंदांच्या घरातले जबरदस्त स्पंद. चौथं अक्षर ‘एम’, एक नॅनोसेकंदापेक्षाही छोट्या स्पंदांसाठी. वरच्या ओळीत ‘एम’ नाही, म्हणून फेम्टोसेकंद लेसरपाशी तो चष्मा बाद, तरंगलांबी जुळत असली तरी. इतक्या तीव्र आणि क्षणिक स्पंदात काही फिल्टरमधला रंग शोषून शोषून थकतो आणि तेवढ्या क्षणापुरती काच पारदर्शक होते. शिवाय अशा स्पंदांचा वर्णपट रुंद असतो, त्यामुळे एकाच आकड्यावर विसंबता येत नाही.

आपला 5 वॅटचा लेसर आता या मानकाने तपासू. झोताचा व्यास 1 मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारे 0.785 चौरस मिलिमीटर, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला साधारण 6.4 वॅट. या तरंगलांबीला सलग झोतासाठी एलबी5 ची मर्यादा दर चौरस मिलिमीटरला 1 वॅट आणि एलबी6 ची 10 वॅट. म्हणजे ‘डी एलबी6’ हवा. ओडीच्या हिशेबाने 4 पुरत होता, टिकाऊपणाच्या हिशेबाने 6 लागला. दोन्हींत चूक नाही, दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. जोरदार लेसरसाठी मी तरी दुसरा आकडा बघितल्याशिवाय चष्मा घेऊ नका असंच सांगेन.

‘आरबी’ अशी अक्षरं दिसली तर तो चष्मा ईएन 208 चा, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरच्या दिसणाऱ्या लेसरची जुळणी करताना वापरायचा. तो झोत पूर्ण अडवत नाही. ठिपका दिसावा म्हणून वर्ग 2 च्या पातळीपर्यंत खाली आणतो. आरबी1 हा 10 मिलिवॅटपर्यंत, आरबी2 हा 100 पर्यंत, अशी ही चढण आहे. संपूर्ण संरक्षणासाठी तो वापरू नये.

नुसता मोठ्यात मोठा ओडी घेणंही शहाणपणाचं नाही. काच जितकी गडद, तितकं समोरचं कमी दिसतं. नेहमीचा प्रकाश किती टक्के आत येतो हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. तो 20 टक्क्यांहून कमी असेल तर खोलीत जास्त दिवे लागतात, नाहीतर माणूस अडखळतो आणि शेवटी वैतागून चष्मा कपाळावर सरकवतो.

वापरातल्या चष्म्यावर खोल ओरखडे, बारीक भेगा, उडालेला रंग किंवा निघालेला लेप दिसला तर तो बदलायचा. बाजूने फटी राहत असतील तर परावर्तित किरण तिथून शिरतो, तेव्हा चष्मा चेहऱ्याला नीट बसतोय हेही बघायचं. एकदा थेट झोत खाल्लेली काच पुन्हा वापरायची नाही, वरून ठीक दिसत असली तरीही. आणि काडीवरची ओळ पुसली गेली असेल, किंवा यंत्राबरोबर आलेल्या चष्म्यावर मुळातच कुठला आकडा नसेल, तर तो लेसरच्या खोलीत ठेवूच नये. घाईत कोणीतरी तो उचलून डोळ्यांवर चढवतं.