जुन्या जीपला दुसरं इंजिन बसवण्याआधी
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

जुनी महिंद्रा जीप घेऊन आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "इंजिन केवढ्याला बसेल?" प्रश्न रास्त आहे, पण तो शेवटी विचारायचा. इंजिन आधी घेऊन ठेवलं आणि मग गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन (चाकांच्या मधल्या डिफरन्शियलमधली दातेरी जोडी), प्रॉपेलर (तिच्यापर्यंत फिरकी नेणारा दांडा), रेडिएटर एकेक करून बदलत गेलो की स्वस्तातलं काम महागात जातं. अशा अर्धवट सोडलेल्या दोन जीप आजही आमच्या आवारात ताडपत्रीखाली उभ्या आहेत. त्यांच्या मालकांचं वाईट वाटतं, म्हणूनच हे पत्रक काढलं. आमचा आग्रह एकच आहे: हिशेब चाकापासून सुरू करा आणि इंजिनापर्यंत मागे या.

आधी ठरवा, जीप जाणार कुठे

पावसाळ्यात गगनबावड्याच्या वरच्या अंगाला वाडीवर जाणारी जीप, उसाच्या फडाकडे काळ्या मातीतून रोज ये-जा करणारी जीप आणि रविवारी दगड-ओढ्यांतून नेण्यासाठी ठेवलेली जीप, या तिघींना एकच इंजिन योग्य नाही. रोज वीस किलोमीटर डांबरी रस्त्यावर जायचं असेल तर ते मोकळेपणानं सांगा. "फक्त ऑफ-रोडला" म्हणून बांधून घेतलेली गाडी पुढे लग्नाकार्याला बेळगावपर्यंत जातेच, आणि मग तिचा वेग ६५ च्या पुढे का सरकत नाही, असं आम्हाला विचारलं जातं.

गणित अवघड नाही, पण चुकवून चालत नाही

महिंद्राच्या एमएम ५४० जीपचं उदाहरण घेऊ. तिच्यात मुळात प्यूजोचं एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन येई. ९० मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), २११२ सीसी. हे इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरणारं आहे, ४५०० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ४५०० फेऱ्यांपर्यंत जातं. त्याऐवजी बऱ्याच जणांना महिंद्राचंच २५२३ सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन हवं असतं. मागणी समजण्यासारखी आहे. पार्ट कुठेही मिळतात, गावातला मिस्त्रीही ते उघडू शकतो आणि दीड हजार आरपीएमलाच ते ओढायला लागतं. त्याचा स्ट्रोक (पिस्टनची चाल) १०१.६ मिमी, म्हणजे बरोबर चार इंच. स्वभाव ट्रॅक्टरचाच. पण या इंजिनाची धाव ३२०० आरपीएमच्या आसपास संपते, आणि जुन्या जीपचं गणित बिघडतं ते नेमकं इथे.

जीपच्या क्राउन-पिनियनला ४३ आणि ८ दाते असतील तर गुणोत्तर ५.३८. ६.००-१६ चा टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो. टॉप गिअर सरळ, म्हणजे १:१ धरा. प्यूजो ४५०० वर फिरलं तर हिशेबानं ताशी ११० किलोमीटर निघतात. डीआय ३२०० वर थांबतं, म्हणजे ७८. प्रत्यक्षात इंजिन सतत टोकाला कुणी ठेवत नाही, त्यामुळे ६०-६५ लाच गाडी ओरडायला लागते. इंजिन बदललं आणि जीप आधीपेक्षा हळू झाली, ही तक्रार आम्ही अनेकदा ऐकली आहे. त्यात दोष इंजिनाचा नसतो.

उपाय तीन. एक, ३९ आणि ८ दात्यांचं ४.८८ चं क्राउन-पिनियन. त्यानं ७८ चे ८६ होतात. दोन, पाच गिअरचा बॉक्स. पाचवा गिअर ०.८ च्या आसपास असला की त्याच आरपीएमला साधारण ९८ मिळतात आणि पहिल्या गिअरची ओढही राहते. तीन, मोठं चाक. ३१ इंची टायरनं वेग ८५ च्या जवळ येतो, पण चढावरची ओढ साधारण आठ टक्क्यांनी कमी होते, स्टिअरिंग जड होतं आणि पुढच्या हबवरचा ताण वाढतो. बजेट कमी असेल तर आम्ही दुसरा उपाय सुचवतो. बॉक्स एकदाच बदलावा लागतो आणि दोन्ही कामं साधतात.

दगडातून उतरताना मात्र उलटा हिशेब लागतो. जुन्या जीपच्या टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो गिअर २.४६ आणि मागे क्राउन-पिनियनचे ५.३८, यांचा गुणाकार ३७. म्हणजे इंजिनाच्या ३७ फेऱ्यांत चाकाची एक फेरी. हा आकडा ३५ च्या खाली गेला तर उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच यावं लागतं, आणि ओल्या दगडावर ते धोक्याचं. ऑफ-रोड जीप बांधताना अश्वशक्तीआधी हा गुणाकार बघा. त्याला पैसे लागत नाहीत. डिफरन्शियलचं झाकण उघडून दाते मोजायचे, एवढंच.

कोणतं इंजिन घ्यावं

सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आहे तेच इंजिन बोअर, लायनर, रिंग, हेड करून उभं करणं. कंटाळवाणं वाटेल, पण ब्लॉक चांगला असेल तर आमचा पहिला सल्ला हाच. दुसरी पायरी म्हणजे त्याच घराण्यातलं २४९८ सीसीचं एक्सडी३पी. जोडकाम त्यातल्या त्यात कमी. डीआयचा विचार वर आला. ते अंगानं जड आहे, त्याच्या वजनानं पुढचे पाटे (स्प्रिंग) दबतात, ते मोजूनच हात घाला. कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या हुकमानं डिझेल सोडणारं इंजिन कमी बजेटमध्ये घेऊ नका. इंजिनासोबत ईसीएम (तो संगणक), पूर्ण वायरिंग, सेन्सर, थ्रॉटल पेडल हे सगळं एकाच गाडीचं यावं लागतं. एक तुकडा राहिला तरी गाडी आडरानात बंद पडते आणि तिथे मिस्त्रीचा पाना कामाचा नाही.

पैसा खरा कुठे जातो

जोडकामात. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घरचे असतील तर मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. कोल्हापुरात आपण नशीबवान आहोत. उद्यमनगरात लेथ आणि मिलिंगवर चांगली प्लेट करून देणारे हात आहेत. पण प्लेट म्हणजे नुसती भोकं पाडलेली पाटी नव्हे. क्रँकचा (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचा) मध्य आणि बेल हाउसिंगचा (क्लचवरच्या कवचाचा) मध्य एका रेषेत हवेत, आणि डायल गेज लावून बघितल्यावर फरक एक दशांश मिलिमीटरच्या आसपासच राहायला हवा. काही वर्षांपूर्वी एका जीपमध्ये आम्ही ही तपासणी घाईत सोडली. चार महिन्यांत इनपुट शाफ्टचं बेअरिंग आणि पायलट बेअरिंग दोन्ही गेले. खर्च आम्ही उचलला, पण ग्राहकाचा सुगीचा महिना वाया गेला, तो परत देता आला नाही. तेव्हापासून डायल गेजचे आकडे कागदावर लिहून ग्राहकाला दिल्याशिवाय बॉक्स चढवत नाही.

बाकीचंही ध्यानात ठेवा. पुढचा पाटा पूर्ण दबल्यावर संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) पुढच्या डिफरन्शियलच्या हौसिंगवर आपटता कामा नये. ब्रेकला बूस्टर असेल तर व्हॅक्यूम पंप हवा, डिझेल इंजिन तो व्हॅक्यूम स्वतः देत नाही. जुन्या जीपमध्ये मागच्या प्रॉपेलरची ओळ मध्यावर नसून एका बाजूला असते. तिला मध्यातून निघणारी ट्रान्सफर केस लावली तर प्रॉपेलर तिरका चालतो आणि त्याचा क्रॉस (सांधा) झिजतो. म्हणून ट्रान्सफर केस जागेवर ठेवून पुढे सरकत बांधत जायचं. मारुती जिप्सीत ती गिअरबॉक्सपासून सुटी असते, मध्ये छोटा प्रॉपेलर असतो, त्यामुळे तिथे हे दुखणं बरंच हलकं.

आमचा अंदाज असा: एकूण बजेटच्या चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त पैसे इंजिनावर घालू नका. पाचवा हिस्सा हात न लावता बाजूला ठेवा. रेडिएटर, इंजिनाचं फौंडेशन (माउंटिंग), सायलेन्सर, हौज पाइप आणि ब्रेक तो हिस्सा मागतातच.

कागद आधी, पाना नंतर

इथे आम्ही कुणाचंही ऐकत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलण्यासाठी आरटीओची मान्यता लागते. मान्यतेविना बदल झालेला असेल तर १४ दिवसांत आरसीसह कळवावं लागतं. बेकायदा बदलाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. त्यामुळे वेगळ्या जातीचं इंजिन हवं असेल तर आधी आरटीओत विचारा. लेखी मान्यता मिळत नसेल तर जुनंच इंजिन दुरुस्त करू, आणि ते काम तितक्याच मनापासून करू.

भंगार बाजारातलं इंजिन घेताना बिल घ्या, ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत घ्या. नंबर खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी ते इंजिन आमच्या दारात आणू नका.

पहिल्या भेटीला येताना

आरसी, विमा आणि पीयूसी आणा. टायरचा साइज लिहून आणा, पुढे कोणता घालायचा आहे तोही. पूर्वी काय बदललं असेल ते आठवून सांगा, लाजू नका. कॉम्प्रेशन आम्ही तुमच्यासमोर तपासतो. डिपस्टिक काढल्यावर चालू इंजिनातून धूर किती येतो तेही दाखवतो, म्हणजे इंजिन खरंच संपलंय की नुसता पंप-नोझलचा खेळ आहे ते तुम्हालाच कळेल. जीप ओढून आणली तरी चालेल. फक्त धुऊन आणू नका. तेल कुठून गळतंय ते आम्हाला दिसू द्या.