ड्रोन शेतावर नाही, गावठाणावर
'ड्रोन फिरला, आता सरकार जमिनी घेणार!' स्वामित्व योजनेबद्दलची ही आवई साफ खोटी आहे. एप्रिल 2020 मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत मोजणी होते ती गावठाणातल्या घरांची. सातबाऱ्याच्या शेतजमिनीची नाही.

आधी भूमी अभिलेखचे कर्मचारी ग्रामपंचायत आणि घरमालकांसमोर चुन्याची फक्की टाकून हद्दी आखतात. ड्रोनने वरून काढलेल्या फोटोत दिसते ती हीच पांढरी रेघ. नकाशा भारतीय सर्वेक्षण विभाग करतो. ड्रोन पुरवणाऱ्यांत नवी मुंबईची आयडियाफोर्ज ही कंपनीही आहे, आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभी केलेली. शेवटी चौकशी होऊन मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या मालकीचा कागद, हातात येते, तिच्यावर बँकेत कर्जही मागता येतं. फक्की पडते त्या दिवशी मात्र घरी थांबाच, हद्दीची हरकत तिथेच सांगा.