कांद्याच्या गोंड्यात बी कसं भरतं?

मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल, हे वाक्य आइनस्टाइनच्या फोटोखाली अधूनमधून फिरत असतं. तो असं म्हणाल्याचा पुरावा नाही आणि म्हणणंही खरं नाही. गहू-भाताचं परागण फुलातल्या फुलात होतं, बाजरी-मक्याचं वाऱ्यावर. भाकरी बंद पडणार नाही. पण जगातल्या ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कमी-जास्त प्रमाणात कीटक-पाखरांची मदत लागते. भाकरीसोबतचा कांदा त्यातलाच. तो पोसायला माशी लागत नाही, त्याचं बी धरायला लागते.

जालना-बुलडाण्याकडे बियाण्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निवडक कांदे लावतात. थंडी सरता सरता डेंगळ्यांवर, म्हणजे फुलांच्या दांड्यांवर, पांढरे गोंडे फुलतात. एका गोंड्यात साधारण दोनशे ते सहाशे फुलं असतात, आणि ती एकदम न उमलता दोन ते चार आठवडे उमलत राहतात. प्रत्येक फुलात सहा पुंकेसर आणि तीन कप्प्यांचा अंडाशय, कप्प्यात दोन बीजांडं. म्हणजे फुलाला जास्तीत जास्त सहा बिया.

गंमत पुढे आहे. फूल उमललं की आधी आतले तीन परागकोश फुटतात, मग बाहेरचे तीन. दीड दिवसात पराग संपतो. तोवर कुक्षीवृंत, म्हणजे पराग झेलणाऱ्या कुक्षीचा देठ, जेमतेम १ मिलिमीटरचा असतो आणि कुक्षी पराग घ्यायला तयार नसते. पराग संपल्यावर कुक्षीवृंत वाढून सुमारे ५ मिलिमीटर होतो, तेव्हा कुक्षी तयार होते. एकाच फुलातले नर-मादी असे एकमेकांना चुकवतात. पराग चिकट, त्यामुळे वाऱ्याचा फारसा उपयोग नाही. त्याच गोंड्यातल्या शेजारच्या फुलाचा पराग चालतो, पण कांद्यात स्वपरागणाने पुढची पिढी कमजोर निघते. म्हणून या झाडावरून त्या झाडावर फिरणारं कोणीतरी हवं. संकरित बियाण्यात तर आणखी पेच: नरवंध्य ओळीत परागच नसतो, त्यामुळे पराग गोळा करणारी माशी तिकडे वळत नाही. तिथे मकरंदासाठी हिंडणारी माशीच कामाची.

आणि हा मकरंद माशीला फारसा आवडत नाही, कारण त्यात पोटॅशियम जास्त असतं. शेजारी मोहरी किंवा कोथिंबीर फुलली असेल तर माश्या तिकडे जातात. म्हणून मधमाश्यांच्या पेट्या फुलोऱ्याआधी आणून ठेवू नयेत; माश्यांना दुसऱ्या फुलांची सवय लागते. सुमारे दहा टक्के फुलं उमलली की रात्री पेट्या आणाव्यात, एकरी दोन-तीन. दार पूर्वेला, वर सावली, जवळ उथळ भांड्यात पाणी आणि माशीला बसायला त्यात खडे. माश्या ओढायला गुळाचं पाणी फवारण्याचा उपाय सांगितला जातो. त्यावर आलेली माशी पानं चाटत बसते, फुलात शिरेलच असं नाही.

माश्या मोबाइल टॉवरमुळे गेल्या, ही तक्रार नेहमीची. पण फुलकिड्यांसाठी भर फुलोऱ्यात, भर दिवसा मारलेल्या कीटकनाशकाचा परिणाम पेटीसमोर मेलेल्या माश्यांच्या सड्यात दिसतो. टॉवरला दोष देणं सोपं, फवारणीच्या पंपाची वेळ बदलणं जिवावर येतं. फुलकिड्यांचा बंदोबस्त फुलोऱ्याआधीच करावा. अगदीच अडलं तर माश्या पेटीत परतल्यावर, सूर्य मावळल्यानंतर फवारावं.

माशीचं हेच फिरणं भेसळही करतं. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटपासून दुसऱ्या जातीचे डेंगळे निदान ५०० मीटर लांब लागतात, पायाभूत बियाण्यासाठी, म्हणजे ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार होतं त्यासाठी, १००० मीटर.

बी कमी आलं तर काढणीच्या वेळी गोंडा तळहातावर चोळून बघावा. बोंड फुगलंच नाही, फूल दांड्यावर तसंच वाळलं, तर बहुधा परागण हुकलं. बोंड भरलं पण बी सुरकुतलेलं, पाण्यावर तरंगणारं निघालं, तर करपा रोग किंवा पाण्याचा ताण तपासावा. तिथे आणखी पेट्या आणून फरक पडत नाही.