चायनीज घडीचा चाकू घेताय? आधी पात्यावरचं नाव वाचा

"चायनीज आहे ना, मग टिकणार का?" हा प्रश्न दुकानात रोज येतो म्हणून हे पत्रक काढलंय. आमच्याकडून नाही घेतला तरी चालेल, पण पैसे देऊन पत्रा घरी नेऊ नका.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात यांगजियांग नावाचं शहर आहे, चाकू-कात्र्यांसाठीच ओळखलं जातं, सानरेनमू आणि सिविवी हे ब्रँड तिथलेच. अमेरिकेतली स्पायडर्को कंपनीसुद्धा तिचं टेनेशियस हे मॉडेल चीनमधूनच बनवून घेते. आणि ढिगाने विकला जाणारा, चार दिवसात बोथट होणारा मालही चीनचाच असतो. म्हणजे देश बघून काही कळत नाही, पोलाद बघायचं.

पात्याच्या बुडाशी, मुठीजवळ बारीक अक्षरं असतात ती वाचा. नुसतं 'स्टेनलेस स्टील' किंवा 'सर्जिकल स्टील' असेल तर त्याने काहीच सांगितलेलं नाही, ठेवून द्या. '८सीआर१३एमओव्ही' (8Cr13MoV) असं असेल तर सोपं आहे, पहिला ८ म्हणजे कार्बन साधारण ०.८ टक्के आणि १३ म्हणजे क्रोमियम १३ टक्के, कार्बनने पातं कडक होतं आणि क्रोमियममुळे गंज लांब राहतो. ३सीआर१३ म्हणजे कार्बन फक्त ०.३, ते गंजत नाही लवकर पण धार धरत नाही, पाकिटं फोडायला ठीक. ८सीआर१३एमओव्ही जपानच्या एयूएस-८ या पोलादाच्या जवळचं, धार बऱ्यापैकी टिकते आणि गेली तर साध्या दगडावर पटकन परत येते, पहिला चाकू घेणाऱ्याला आम्ही हेच देतो.

डी२ या पोलादाची सध्या खूप चलती आहे. कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, धार खरंच जास्त टिकते, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनसोबत कडक कणांमध्ये अडकतं त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही आणि धार लावायलाही वेळ खातं. दिंडोरी-निफाडकडे बागेत वापरणार, द्राक्षं-लिंबू कापणार, नाहीतर पावसाळ्यात अंजनेरी-हरिहर किल्ल्यांवर नेणार आणि तसाच ओला बॅगेत ठेवणार असाल तर डी२ वर डाग पडणारच. अशांनी थोडे पैसे वाढवून स्वीडनचं १४सी२८एन घ्यावं, चायनीज ब्रँडही ते वापरतात.

आता खरी गोष्ट. नाव चांगलं असलं तरी पोलादाला पाणी नीट दिलेलं नसेल, म्हणजे तापवून-थंड करून ते नीट कडक केलेलं नसेल, तर सगळं फुकट. सातपूर-अंबडला हीट ट्रीटमेंटचं काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, ८सीआर१३एमओव्ही ५७ ते ५९ रॉकवेलला (हे कडकपणाचं माप) असेल तर मस्त, तेच ५३-५४ वर सोडलं तर धार लगेच वळते. घरी बघायचं तर नवीन चाकूने आधी बिलाचा कागद कापा, मग एक अख्खा पुठ्ठ्याचा खोका कापून काढा आणि परत तोच कागद. मग बल्बखाली धार वर करून सरळ डोळ्यासमोर धरा, चांगली धार दिसतच नाही, जिथे चमकणारा ठिपका दिसेल तिथे ती वळली किंवा बसली. एका खोक्यात धारभर ठिपके आले तर पातं मऊ आहे, किंवा कधीकधी कारखान्यातली पहिली धारच घासताना तापून जळकी झालेली असते, म्हणून एकदा दगडावर लावून परत बघा आणि मगच नावं ठेवा.

लोहचुंबक चिकटला की स्टेनलेस नाही असं बरेच जण म्हणतात, चाकूच्या बाबतीत ते उलटं आहे! कडक करता येणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच, न चिकटणारं पातं डब्या-भांड्यांच्या पोलादाचं असण्याची शक्यता जास्त. आणि स्वस्तात 'दमास्कस', म्हणजे थरांची नक्षी असलेलं पोलाद, मिळत असेल तर पात्याची पाठ बघा, नक्षी चपट्या बाजूला आहे आणि पाठ एकदम कोरी, तर ती बहुतेक वेळा लेझरने काढलेली असते.

लॉक लागल्यावर पातं वर-खाली हललं तर घेऊच नका, बोटाचा प्रश्न आहे.

बटण दाबून उघडणारे चाकू आम्ही ठेवत नाही, मागूही नका. ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्यांना शस्त्र कायदा लागतो, घरगुती आणि शेतीची अवजारं सोडून. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात तेव्हा छोटा चाकूही घेऊन गर्दीत फिरू नका, आणि ओझरहून विमानाने जाताना तो केबिन बॅगेत चालत नाही.

वापरल्यावर पुसायचा, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. दगडावर धार लावायला शिकायचं असेल तर बोथट चाकू घेऊन दुपारी दुकानात या, तेव्हा गर्दी कमी असते, निवांत दाखवता येतं.