‘हेल्पर पाहिजे’: जाहिरातींतून किमान वेतनाचा माग

जळगावात कामाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अशी जाहिरात नेहमी दिसते: ‘दालमिलसाठी हेल्पर पाहिजे. १२ तास ड्युटी. पगार १२,०००.’ महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज पडतो ४६१ रुपये. पण आठ तासांवरच्या चार तासांना कायद्याने दुप्पट दर आहे, म्हणजे हे १२ तास १६ तासांच्या मोलाचे. आठ तासांची मजुरी उरते जेमतेम २३० रुपये. हजेरीपत्रकात हे कधी दिसत नाही, जाहिरातीत मालक स्वतःच लिहून देतो.

किमान वेतन कायदा १९४८ चा; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली. जुन्या कायद्यात दर राज्याने ठरवायचे होते, धंद्यानुसार आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल अशा प्रतवारीने. महाराष्ट्रात परिमंडळंही आहेत, म्हणजे भागानुसार दर वेगळा, आणि महागाईशी जोडलेला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो. दर कागदावर आला, पण तो हातात पडतो का, हे कळायला फार काळ निरीक्षकाची भेट आणि सरकारी पाहणी एवढंच साधन होतं.

दर वाढवला की कामं जातात का, हा वाद जगभरचा. १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान दर तासाला ४.२५ वरून ५.०५ डॉलरवर नेला, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ४१० फास्टफूड दुकानांकडे चौकशी केली. कामं घटलेली दिसली नाहीत. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. अमेरिकेत वर्तमानपत्रांतल्या ‘पाहिजेत’ जाहिराती १९५१ पासून मोजल्या जात होत्या. इंटरनेटवर नोकरीची पोर्टलं आल्यावर जाहिरातींत पगार, तास, शिक्षणाची अट, तारीख सगळं सापडू लागलं. दर वाढल्यावर जाहिराती आटल्या की नुसती ‘बारावी पास’ची अट वाढली, हे आता तपासता येतं. आपल्याकडे नोकरी डॉट कॉम १९९७ चं, पण त्यावर हमालाची जागा कुठे निघते?

खरी अडचण इथेच आहे. खान्देशात किमान वेतनाचं बहुतेक काम जाहिरातीवाचून भरतं. रावेर-यावलच्या केळीकापणीला मुकादम टोळी आणतो. नंदुरबार-धुळ्याचे ऊसतोडे हंगामाआधीच उचल घेऊन गुजरातच्या कारखान्यांना बांधले जातात. ती उचल मग त्यांच्या मजुरीतूनच वळती होते. म्हणून जाहिरातींचा आकडा मला हवाच आहे, पण तो शहरातल्या हेल्पर, सेल्समन, सिक्युरिटी गार्डचा आकडा म्हणूनच. नंदुरबारला मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाईचा रोज विचारायचा, तर मिरची वाळवायच्या पथारीवरच जाऊन बसावं लागेल.