बालगंधर्व : चित्रपट-कारकीर्द

नारायण श्रीपाद राजहंस (२६ जून १८८८–१५ जुलै १९६७) यांचा चित्रपटसृष्टीतील वावर अल्पकाळाचा असला, तरी संगीत नाटक आणि बोलपट यांच्यातील ओढाताण त्यातून स्पष्ट दिसते. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटल्याचा प्रसंग साधारणपणे १८९८ च्या सुमारास धरतात. नेमके वर्ष मात्र निरनिराळे दिलेले आढळते. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश, १९१३ मध्ये गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळीची स्थापना, ‘मानापमान’मधील भामिनी, ‘एकच प्याला’मधील सिंधू हा पूर्वभाग सुपरिचित आहे.

टेंबे यांनी १९३२ मध्येच ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका केली होती. बालगंधर्व पडद्याकडे वळले ते त्यानंतर, बोलपटांमुळे नाटक कंपन्यांची आर्थिक कोंडी झाल्यावर. प्रभात फिल्म कंपनीशी त्यांचा सहा चित्रपटांचा करार झाल्याचे सांगतात. प्रत्यक्षात एकच पूर्ण झाला. व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘धर्मात्मा’ (१९३५) या मराठी-हिंदी चित्रपटात ते संत एकनाथ झाले. संगीत मास्तर कृष्णराव यांचे होते. चित्रपटाचे मूळ नाव ‘महात्मा’ असे होते. अस्पृश्यतेविरुद्धचा आशय आणि त्या उपाधीशी जोडले गेलेले गांधीजींचे नाव यांमुळे सेन्सॉरने आक्षेप घेतला, असा सर्वसाधारण निष्कर्ष आहे. दोन्ही कारणे एकमेकांत मिसळलेली असावीत.

स्त्रीभूमिकांनी कीर्ती मिळवलेला हा नट पुरुषवेषात प्रेक्षकांना रुचला नाही, हे अपयशाचे प्रचलित कारण. ते अपुरे वाटते. वन्समोअरवर पद पुन्हा नव्याने खुलवणारी, प्रेक्षकांच्या दादेवर वाढणारी त्यांची गायकी चित्रीकरणाच्या तुकड्यांत आणि मोजक्या मिनिटांत मावणारी नव्हती. ते कारण अधिक मूलगामी दिसते.

बाबूराव पेंटर यांच्या ‘साध्वी मीराबाई’ (१९३७) मध्ये ते पुन्हा स्त्रीवेषात, मीरेच्या भूमिकेत आले. गंधर्व मंडळीच्या ‘अमृतसिद्धी’ नाटकाशी त्याचे निकटचे नाते असून, तो चित्रित केलेले नाटकच मानला जातो. वेष बदलूनही यश लाभले नाही, यावरून वरील मत बळावते. त्यानंतर त्यांनी रंगभूमीच धरली. १९३८ च्या सुमारास गायिका-अभिनेत्री गोहर कर्नाटकी मंडळीत आल्या. त्या स्त्रीभूमिका करू लागल्यावर बालगंधर्वांनी तेथेही पुरुषभूमिका केल्या.