डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस

डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस (डीएनपी) : प्रगत परिचर्या (नेहमीच्या शुश्रूषेपलीकडे निदान, उपचार, भूल देणे यांसारखी कामे) करणाऱ्या नोंदणीकृत परिचारिका-परिचारकांसाठी असलेली व्यवसायनिष्ठ डॉक्टरेट पदवी. ती मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रूढ झाली आहे. पीएच.डी. ही परिचर्येतील संशोधनाची आणि डीएनपी ही प्रत्यक्ष व्यवसायाची सर्वोच्च पदवी, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. ती समजायला सोपी असली, तरी तिच्यावर फार विसंबता येत नाही. रुग्णाजवळचे कौशल्य वाढवायचे की रुग्णसेवेच्या व्यवस्थेचे नेतृत्व करणारी माणसे घडवायची, या दोन उद्दिष्टांची ओढाताण या पदवीत आरंभापासून आहे.

पूर्वेतिहास : परिचारिकांसाठी डॉक्टरेटची सोय प्रथम शिक्षणशास्त्रात झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात परिचर्या-अध्यापिकांसाठी डॉक्टर ऑफ एज्युकेशन ही पदवी होती. तिच्या प्रारंभाचे वर्ष काही लेखक १९२४ देतात, तर काही १९३३. प्रवेश सुरू झाला ते वर्ष धरायचे की स्वतंत्र अभ्यासक्रम उभा राहिला ते, यावर हा फरक अवलंबून असावा. न्यूयॉर्क विद्यापीठाचा पीएच.डी. अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे १९३४ चा मानतात. रुग्णसेवेतील एका शाखेत, म्हणजे माता व बालक परिचर्येत, पीएच.डी. देण्याचा मान पिट्सबर्ग विद्यापीठाकडे जातो (१९५४). तरीही १९६० च्या दशकात बहुतेक परिचारिकांना डॉक्टरेटसाठी समाजशास्त्र, मानवशास्त्र किंवा शरीरक्रियाविज्ञान या विषयांकडे वळावे लागे. अमेरिकी शासनाच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९६२ मध्ये सुरू केलेली परिचारिका-वैज्ञानिक प्रशिक्षण योजना याच वाटेने गेली. प्रगत परिचर्येच्या अग्रणींच्या पदव्यांतही हे दिसते. रट्गर्स विद्यापीठात १९५४ च्या सुमारास मनोरुग्ण परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभारणाऱ्या हिल्डेगार्ड पेप्लाऊ आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांसोबत कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ मध्ये पहिला नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून निदान व उपचार करणारी प्रगत परिचारिका) अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या लोरेटा फोर्ड, या दोघींचीही डॉक्टरेट शिक्षणशास्त्रातील होती.

बॉस्टन विद्यापीठाने १९६० मध्ये डॉक्टर ऑफ नर्सिंग सायन्स ही पदवी आणली, तेव्हा ती व्यवसायनिष्ठ ठरेल अशी अपेक्षा होती. पुढे अनेक विद्यापीठांनी तीच किंवा तिच्यासारख्या नावाची पदवी देऊ केली. प्रत्यक्षात प्रबंध, संख्याशास्त्र आणि सिद्धांत यांचा भार वाढत गेला आणि काही दशकांत या पदव्या पीएच.डी.पासून वेगळ्या ओळखणे अवघड झाले. नावे मात्र अर्धा डझन शिल्लक राहिली.

उगमाचा प्रश्न : पहिली व्यवसायनिष्ठ डॉक्टरेट कोणती, याची दोन उत्तरे दिली जातात. क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या फ्रान्सिस पेन बोल्टन परिचर्या विद्यालयाने १९७९ मध्ये डॉक्टर ऑफ नर्सिंग (एनडी) हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यामागची कल्पना रोझेला श्लॉटफेल्ट यांची होती. वैद्यक किंवा कायद्याचा विद्यार्थी आधी सामान्य पदवी घेतो आणि मग डॉक्टरेट दर्जाच्या शिक्षणातून व्यवसायात प्रवेश करतो. परिचारिकेनेही तसेच करावे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे एनडी ही प्रवेशाची पदवी होती, आधीच परिचारिका असलेल्यांच्या विशेषीकरणाची नव्हती. हे प्रारूप फारच थोड्या विद्यापीठांनी उचलले. शिवाय निसर्गोपचारकही हीच आद्याक्षरे लावत असल्याने घोटाळा होई, तो वेगळाच. पुढे हे अभ्यासक्रम डीएनपीत रूपांतरित झाले.

दुसरे उत्तर केंटकी विद्यापीठाचे. तेथे २००१ मध्ये डीएनपी या नावाने अभ्यासक्रम सुरू झाला. तो पदव्युत्तर पदवी असलेल्या परिचारिकांसाठी होता आणि त्याचा रोख सेवाव्यवस्थेच्या नेतृत्वावर होता. याउलट कोलंबिया विद्यापीठात मेरी मुंडिंगर यांच्या पुढाकाराने आखलेल्या पदवीचा भर रुग्णाची थेट आणि सर्वांगीण वैद्यकीय जबाबदारी घेण्यावर होता. तिचे संक्षिप्त नावही प्रारंभी निराळे होते. नावापुरता विचार केला तर केंटकीचा दावा निर्विवाद आहे, आणि बहुतेक संदर्भग्रंथ तेथूनच सुरुवात करतात. मात्र ‘व्यवसायासाठी डॉक्टरेट’ ही मूळ कल्पना क्लीव्हलंडची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. केंटकी आणि कोलंबिया येथे तिला दोन वेगळ्या दिशा मिळाल्या.

२००४ चा ठराव : अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग या संघटनेने ऑक्टोबर २००४ मध्ये ठराव केला, की प्रगत परिचर्येचे शिक्षण २०१५ पर्यंत पदव्युत्तर स्तरावरून डॉक्टरेट स्तरावर न्यावे. औषधनिर्माणशास्त्र, भौतिकोपचार व श्रवणविज्ञान हे व्यवसाय तोवर त्याच वाटेने गेले होते. शिवाय परिचर्येचे पदव्युत्तर अभ्यासक्रम इतके फुगले होते, की विद्यार्थी जवळजवळ डॉक्टरेटइतका अभ्यास करूनही हाती पदव्युत्तर पदवीच घेऊन बाहेर पडत. नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००५ च्या अहवालानेही परिचर्येत संशोधनेतर डॉक्टरेट असावी या मताला बळ दिले.

ठराव बंधनकारक नव्हता. परवाने राज्यांची परिचर्या मंडळे देतात, आणि त्यांनी डॉक्टरेटची अट घातली नाही. परिणामी २०१५ उलटले तरी पदव्युत्तर अभ्यासक्रम चालूच राहिले. संघटनेसाठी रँड या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत यामागे खर्च, अध्यापकांची वाण, प्रकल्पांचे मार्गदर्शन करण्याचा बोजा आणि नोकरी देणाऱ्यांची उदासीनता ही कारणे पुढे आली. डीएनपीची वाढ मात्र थांबली नाही. आज असे चारशेहून अधिक अभ्यासक्रम आहेत.

अभ्यासक्रम : पदवीधर परिचारिकेला डीएनपीस साधारणपणे तीन ते चार वर्षे लागतात, पदव्युत्तर पदवी असल्यास त्याहून कमी. विकृतिक्रियाविज्ञान, औषधक्रियाविज्ञान आणि शारीरिक तपासणी हे प्रगत स्तरावरील तीन विषय प्रत्येक प्रगत परिचारिकेला अनिवार्य असतात. त्यांवर साथरोगविज्ञान, आरोग्यधोरण, माहितीप्रणाली, अर्थव्यवहार आणि गुणवत्तासुधार यांची भर पडते. संघटनेच्या २००६ च्या निकषपत्रिकेत आठ आवश्यक घटक आणि पदवीनंतरचे किमान १,००० तासांचे पर्यवेक्षित व्यवसायशिक्षण सांगितले होते. २०२१ च्या सुधारित आवृत्तीने विषयांऐवजी क्षमतांवर बोट ठेवले, दहा क्षेत्रे आखली आणि प्रगत स्तरासाठी किमान ५०० तासांची मर्यादा घातली. विशिष्ट भूमिकेसाठी लागणारे तास याच्या वर असू शकतात.

प्रबंधाच्या जागी प्रकल्प असतो. एखाद्या विभागातील रुग्णाला लघवीसाठी बसवलेल्या नळीमुळे होणारा संसर्ग कमी करणे किंवा घरी पाठवलेल्या रुग्णाचा पाठपुरावा बसवणे, अशी एक अडचण घ्यायची, प्रकाशित पुरावा तपासायचा, बदल अमलात आणायचा आणि परिणाम मोजायचा, अशी त्याची रीत. येथे सामान्य सिद्धांत मांडण्याची अपेक्षा नसते. तरीही अनेक विद्यालयांत हा प्रकल्प छोट्या प्रबंधासारखा लिहून घेतला जाई. त्यावर संघटनेला २०१५ मध्ये स्वतंत्र खुलासा काढावा लागला.

विशेषीकरण : प्रगत परिचर्येच्या नियमनासाठी परिचर्या संघटनांनी मिळून केलेल्या २००८ च्या सहमती-प्रारूपाने तिच्या चार भूमिका निश्चित केल्या : नर्स प्रॅक्टिशनर, क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट (एखाद्या आजारातील वा विभागातील तज्ज्ञ परिचारिका), भूलपरिचारिका आणि परिचारिका-प्रसाविका. यांना छेदणारे सहा लोकसमूह ठरले : कुटुंब, प्रौढ व वृद्ध, बालके, नवजात अर्भके, स्त्री-आरोग्य आणि मनोरुग्ण. परवाना भूमिका व लोकसमूह यांच्या पातळीवर मिळतो. कर्करोग, वेदनाशमन, हृदयविकार यांसारखी विशेषीकरणे त्याच्या वर चढवायची असतात; त्यांची प्रमाणपत्रे व्यावसायिक संस्था देतात, राज्ये नव्हे. क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टांना ही रचना सर्वाधिक जाचली, कारण त्यांची ओळख मुळातच आजार किंवा विभाग यांवर उभी होती.

डॉक्टरेटची अट चारही भूमिकांना सारखी लागू झाली नाही. नर्स प्रॅक्टिशनरांच्या अध्यापकांची संघटना २०१८ मध्ये २०२५ चे उद्दिष्ट ठेवून बसली, तर क्लिनिकल नर्स स्पेशालिस्टांच्या संघटनेने २०३० सांगितले. परिचारिका-प्रसाविकांच्या संघटनेने पदव्युत्तर पदवी पुरेशी मानली.

भूलशास्त्रात मात्र अट खरोखरच अमलात आली. ही परिचर्येतील सर्वांत जुन्या विशेषीकरणांपैकी एक. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथील सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी १८७७ च्या सुमारास भूल देण्यास आरंभ केला असे मानतात. मेयो बंधूंच्या रुग्णालयातील अॅलिस मेगॉ यांनी १९०६ मध्ये १४,००० हून अधिक भूलप्रसंगांचा आढावा प्रसिद्ध केला, तोही भुलीमुळे एकही मृत्यू न झाल्याच्या नोंदीसह. अॅगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये भूलपरिचारिकांची संघटना उभी राहिली. परिचारिकेने भूल देणे म्हणजे परवान्याविना वैद्यकी करणे नव्हे, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये दिला. शिक्षण प्रमाणपत्रापासून सुरू होऊन १९९८ पर्यंत पदव्युत्तर झाले. १ जानेवारी २०२२ पासून प्रत्येक नवा विद्यार्थी डॉक्टरेटलाच प्रवेश घेतो. किमान ३६ महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यास, ६०० भूलप्रसंग आणि २,००० तास अशी अट आहे. प्रवेशापूर्वी अतिदक्षता विभागातील किमान एका वर्षाचा अनुभव लागतो. पदवी डीएनपीच असावी असे नाही, भूलव्यवसायाची निराळी डॉक्टरेटही चालते. मानांकन देणारी परिषद एकच असल्यामुळे येथे अट पाळली गेली. इतर भूमिकांना असा एकमेव दरवाजा नाही.

वाद : आक्षेप आधी घरातूनच आले. अफाफ मेलिस व कॅथलीन ड्रॅकअप या ज्येष्ठ अभ्यासकांनी २००५ मध्ये या पदवीला जाहीर विरोध केला. संशोधन व व्यवसाय यांची फारकत होईल आणि हुशार विद्यार्थी पीएच.डी.कडे पाठ फिरवतील, अशी त्यांना भीती होती. पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्यांची अलीकडची घट पाहता ती अगदीच निराधार नव्हती. वैद्यकाच्या संघटनांचा रोख वेगळा होता. ‘डॉक्टर’ ही उपाधी रुग्णालयात कोणी लावावी, यावर काही राज्यांनी कायदे केले. उपाधी लावणाऱ्याने आपण परिचारिका आहोत हे स्पष्ट करावे, असा त्यांचा सर्वसाधारण आशय. कोलंबियाच्या गटाने वैद्यकीय परवाना परीक्षेच्या तिसऱ्या टप्प्यावर बेतलेली ऐच्छिक परीक्षा २००८ मध्ये आणली; पहिल्या तुकडीतील सुमारे निम्मे उमेदवार उत्तीर्ण झाले, आणि ती पुढे टिकली नाही.

या गदारोळात एक साधी बाब बहुधा मागे पडते. भूलपरिचारिका वगळता पदव्युत्तर पदवीधर आणि डीएनपीधारक एकच प्रमाणपत्र परीक्षा देतात, एकच परवाना घेतात, आणि औषधे लिहून देण्याचे किंवा स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याचे त्यांचे अधिकार राज्यागणिक बदलतात, पदवीगणिक नव्हे.

इतर देश : अमेरिकेबाहेर ही पदवी क्वचित आढळते. आंतरराष्ट्रीय परिचर्या परिषद प्रगत परिचर्येसाठी पदव्युत्तर पदवीची शिफारस करते. कॅनडा व ऑस्ट्रेलिया येथे नर्स प्रॅक्टिशनरची पात्रता त्याच स्तरावर आहे. ब्रिटनमधील व्यावसायिक डॉक्टरेट संशोधनाकडे अधिक झुकलेली असून तिचा परवान्याशी संबंध नाही. भारतात भारतीय परिचर्या परिषदेचा अतिदक्षता परिचर्येतील नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम निवासी स्वरूपाचा, दोन वर्षांचा व पदव्युत्तर आहे, डॉक्टरेट पीएच.डी.च्याच रूपात आहे.